मावशीने न घेतलेला चहा

फेब्रुवारी सरत आला की आमच्या स्टाफरूमचा वास बदलतो. एरवी तिथे दुपारच्या डब्यांचा आणि प्रयोगशाळेतून आमच्या कपड्यांना चिकटून आलेल्या अमोनियाचा वास असतो. परीक्षा जवळ आल्या की त्यावर कोऱ्या कागदाचा वास चढतो. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे भिंतीशी येऊन बसतात. मुलं हॉल तिकिटावरचं नाव बरोबर आहे ना, हे चौथ्यांदा विचारायला दारात उभी राहतात. मुलुंडच्या आमच्या ज्युनियर कॉलेजच्या आवारात सावरीचं एक झाड आहे, तेही नेमकं याच दिवसांत फुलतं. त्याची जाड लाल फुलं सिमेंटवर धप्प आवाज करून पडतात आणि खिडकीपाशी उत्तरं घोकणारी एखादी मुलगी दचकून वर बघते.

मी इथे रसायनशास्त्र शिकवते. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. वडील लांज्याच्या एका शाळेत शिपाई होते, आई काजूच्या फॅक्टरीत बिया फोडायला जायची. त्यामुळे परीक्षेचे दिवस आले की मला अजूनही छातीत धडधडतं. आता पेपर माझा नसतो, मी फक्त वर्गात फेऱ्या मारणार असते, तरीही. इतकी वर्षं मला वाटायचं की ही धडधड भीतीची आहे. यंदा कळलं की तिच्यात दुसरंही काहीतरी होतं, आणि ते मी बारा वर्षं उघडून पाहिलं नव्हतं.

झालं असं, की मधल्या सुट्टीत चहा आला. आमच्या ग्रंथपाल ग्लॅडिसनं आपल्यापुढचा कप माझ्याकडे सरकवला.

"घे ना गं," मी म्हटलं. "आज आलं घातलंय."

"नको. ईस्टरपर्यंत सोडलाय."

"चहा? तू? तुला तर चहा नसला की डोकं धरतं."

"म्हणून तर सोडला," ती हसली. "जे सोडवत नाही तेच सोडायचं. भाच्याची बारावी आहे ना यंदा, त्याच्या नावानं." मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "त्याला बोलू नकोस हं कधी भेटलीस तर. खरं म्हणजे कुणालाच सांगायचं नसतं. उपास करायचा तर केस विंचरून, तोंड धुऊन, हसतमुखानं करायचा, कुणाला कळता कामा नये, असं आमच्यात आहे. तुला सांगितलं म्हणजे माझा अर्धा गेलाच म्हण!"

"कधीपासून सोडलायस?"

"राखेच्या बुधवारपासून, आमचे उपास सुरू होतात तो. गेल्याच्या गेल्या."

घंटा झाली. मी वर्गात गेले, फळ्यावर समीकरण लिहायला घेतलं आणि बाणापर्यंत येऊन हात थांबला. बुधवार. बारा वर्षांपूर्वीचा तोही बुधवारच होता. कपाळावर राखेचा पुसट ठिपका होता. मी चहाचा कप पुढे केला होता आणि माझी तेव्हाची घरमालकीण फिलूमावशी म्हणाली होती, "नको गो. नाय पियाचा मला."

"मॅडम, पुढे काय?" पहिल्या बाकावरून कुणीतरी विचारलं.

पुढे काय, ते मला माहीत होतं. मागे काय होतं तेच माहीत नव्हतं.

*

अंधेरीला मरोळच्या गावठाणात एक बैठं घर होतं. कौलं जाऊन पत्रे आलेले, पण ओटा जुना, काळ्या दगडाचा. दाराजवळच्या कोनाड्यात मेरीची लहान मूर्ती, तिच्यापुढे रोज एक जास्वंदाचं फूल. फिलोमिना हे घराच्या मालकिणीचं नाव, गावठाणात सगळे तिला फिलूमावशी म्हणायचे. ईस्ट इंडियन ख्रिश्चन, म्हणजे मूळची मुंबईचीच, नवरा केव्हाच गेलेला, मुलगी लग्न होऊन परदेशी. घरातली मागची खोली ती कॉलेजच्या मुलींना द्यायची. बारावीनंतर मी मुंबईत आले ती या खोलीत, आणि बीएस्सीची जवळजवळ तीन वर्षं तिथेच राहिले.

पहिल्या दिवशी मी ट्रंक घेऊन ओट्यावर उभी होते. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "चहा करता येतो काय गो तुला?"

"येतो."

"मग कर. तुझ्या हातचा पिते, मग सांगते र्‍हायचा का नाय ते."

मी परसातल्या पत्र्याच्या डब्यात लावलेली गवती चहाची पाती तोडून चहा केला. तिनं पहिला घोट घेतला, डोळे मिटले. "र्‍हा," म्हणाली.

तेव्हापासून दुपारी चारचा चहा माझा. मी कॉलेजातून यायचे, पाय धुवायचे, चहा टाकायचे. मग आम्ही दोघी ओट्यावर बसायचो. मावशी दिवसातून सहा वेळा चहा प्यायची, पण चारच्या चहाला ती "खरा चहा" म्हणायची. बाकीचे पाच तिच्या मते नुसतं गरम पाणी. ती चहा बशीत ओतून प्यायची आणि प्रत्येक घोटानंतर गावठाणातली एक बातमी सांगायची.

तिनं मला तीन वर्षांत एकदाही देवाबद्दल काही सांगितलं नाही. हे मला नंतर जाणवलं. ती सकाळी सहाला चर्चमध्ये मिसाला जायची, परत येऊन माझ्यासाठी पाणी तापवायची. गुडघे दुखत असूनही रोज दुपारी डबा घेऊन दोन घरं सोडून राहणाऱ्या आंधळ्या शिंपीकाकांकडे जायची, आणि ते जेवेपर्यंत बसून राहायची. "एकट्यानं जेवला की मानूस कमी जेवतो," असं तिचं म्हणणं. मला मलेरिया झाला तेव्हा तिनं पाच दिवस माझ्या उशाशी बसून कपाळावर पट्ट्या ठेवल्या. माझे अभ्यासाचे दिवस आले की संध्याकाळची माळ ती घरात न जपता परसात फेऱ्या घालत जपायची, ओठ हलायचे पण आवाज यायचा नाही. टीव्हीवरची तिची आवडती मालिका महिनामहिना बंद. मी म्हटलं, "लावा हो मावशी, मला चालतं," तर म्हणायची, "तिच्यात काय व्हनार हाय? ती सासू अजून दोन वर्सं तशीच रडनार."

पहिल्या वर्षाच्या पहिल्या पेपरला मी निघाले, तर दारात वाटी घेऊन उभी. "हात कर."

तळहातावर दही, वर साखर.

"मावशी, हे तुमच्यात असतं?"

"आमच्यात नसता. तुमच्यात असता ना? शेजारच्या परबीणबाईला विचारून आले. तुझी आय हितं नाय, मग कोन देनार? चाट लवकर."

मी चाटलं. तिनं माझ्या कपाळाला अंगठ्यानं क्रूसाची खूण केली, मग जरा बावरून विचारलं, "चालता ना गो तुला?" मी मान डोलावली. नंतरच्या प्रत्येक पेपरला ती खूण झाल्याशिवाय माझं पाऊल ओट्यावरून उतरलं नाही.

*

आता ती गोष्ट सांगायला हवी जी सांगायची मला आजही लाज वाटते.

तिसऱ्या वर्षी फेब्रुवारीत आई मुंबईला आली. मी पाचव्या सत्रात एका पेपरात नापास झाले होते आणि आईला धीर नव्हता. शेवटचं सत्र, त्यात हा राहिलेला पेपर. दोन्ही सुटले तरच पदवी. घरी वडिलांनी शाळेतल्या सगळ्या शिक्षकांना सांगून ठेवलं होतं की आमची शुभांगी यंदा ग्रॅज्युएट होणार.

आई एसटीनं आली ती गावच्या विहिरीचं पाणी दोन बाटल्यांत भरून. सोबत तांदळाच्या भाकऱ्या, लसणाची चटणी. मावशीनं तिच्यासाठी कोरा स्टीलचा कप आणून ठेवला होता. त्यावरचं किमतीचं लेबल तिनं मुद्दाम काढलं नव्हतं, आईला दिसावं म्हणून. त्यात चहा ओतून स्वतः घेऊन आली. "घ्या ताई. नवा कप हाय."

आई हसली, कप घेतला आणि बाजूला ठेवला. "आत्ताच पाणी प्यायले हो," म्हणाली. ती वाईट बाई नव्हती. मासे आम्हीही खातो, तेव्हा प्रश्न खाण्यापिण्याचा नव्हताच. तिच्या आयुष्यात ती कधी कुणा ख्रिश्चनाच्या घरी बसलीच नव्हती, आणि घरून निघताना चुलतीनं कानात काय काय भरून दिलं होतं. ती घाबरली होती इतकंच.

पण मी? मी तर त्या घरात तीन वर्षं जेवत होते. आणि आईला मी सांगितलं होतं की मी खोलीत स्टोव्हवर वेगळं करून खाते. त्या क्षणी मला एवढंच म्हणायचं होतं, "आई, घे तो चहा. मी रोज घेते." सात शब्द. माझ्या तोंडून ते निघाले नाहीत. चहावर साय धरली. मावशीनं येऊन कप उचलला, आत नेला. तिच्या चेहऱ्यावर काहीच दिसलं नाही. आई दोन दिवस राहून गेली.

त्यानंतर दोन आठवड्यांनी मावशीनं एका मंगळवारी फुग्या तळल्या. पिठाचे गोल, आतून पोकळ, गोडसर गोळे. चारला तिनं दोनदा चहा मागून घेतला. "अजून दे गो, भरून दे," म्हणाली, तेव्हा मला आनंदच झाला. वाटलं, आईचं ती विसरली. दुसऱ्या दिवशी बुधवार. तिच्या कपाळाला राख होती. तशी ती दरवर्षी असायची, आणि त्या दिवसांत ती मटण सोडायची, हेही मला ठाऊक होतं. पण चहा?

"नको गो. नाय पियाचा मला."

"बरं नाही वाटत?"

"बरा हाय."

गुरुवारी तेच. शुक्रवारी तेच. मी दोन कप करायचे, तिचा कप ओट्यावर निवत राहायचा. ती शेजारी बसायची, बोलायची, हसायची, आणि कपाला हात लावायची नाही. आता विचार केला तर कळतं, समोर वाफाळता आवडता चहा असताना तिथे बसून राहणं हाच तिचा उपास होता. तिला उठून जाता आलं असतं. पण चारला मी एकटीनं चहा प्यावा, हे तिला पटलं नसावं.

मला मात्र एकच अर्थ दिसला. आम्ही जिथून आलो तिथे कुणी कुणाच्या हातचं पाणी घेतं की नाही, यावरून माणसं एकमेकांना जोखतात. न घेतलेल्या कपाचा दुसरा अर्थ असू शकतो हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. माझ्या आईनं तिच्या हातचा घेतला नाही, म्हणून ती माझ्या हातचा घेत नाही. हिशेब अगदी सरळ होता. आणि आमच्याकडचा उपास म्हणजे सगळ्या वाडीला ठाऊक असलेली गोष्ट. आईचा सोमवार असला की सकाळीच शेजारीण केळी घेऊन यायची. चतुर्थीला चंद्र दिसेपर्यंत सगळं घर आईच्या चेहऱ्याकडे बघत असायचं. उपास लपवून करतात, हे माझ्या कल्पनेतही नव्हतं.

पाचव्या दिवशी मी एकच कप केला.

*

खरं तर माझा राग मावशीवर नव्हताच. तो स्वतःवर होता, आईसमोर गप्प बसल्याचा. पण स्वतःवरचा राग वाहून न्यायला जड जातो. दुसऱ्या कुणाची चूक सापडली की माणूस पटकन तो त्याच्या डोक्यावर ठेवून मोकळा होतो. मी वीस वर्षांची होते, हे कारण मी स्वतःला बरीच वर्षं दिलं. आता माझ्यासमोर त्याहूनही लहान मुली बसतात आणि त्यातल्या कितीतरी माझ्यापेक्षा शहाण्या असतात.

परीक्षेला तीन आठवडे होते. मावशी ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. मी म्हटलं, "मावशी, एक विचारू?"

"विचार की."

"आईनं तुमच्या हातचा चहा घेतला नाही, म्हणून तुम्ही माझ्या हातचा घेत नाही ना?"

तिचा हात सुपात थांबला. "असा कोन बोलला तुला?"

"कुणी बोलायला कशाला लागतं? मला दिसतंय."

"तसा नाय गो, शुभा. तसा कायच नाय."

"मग कसं आहे? सांगा."

तिनं तोंड उघडलं. मला अजून दिसतं ते. काहीतरी अगदी ओठापर्यंत आलं आणि तिनं ते परत आत घेतलं. "ईस्टर होऊ दे. मग सांगते. तवर थांब. थांबशील ना?"

"ईस्टर होईपर्यंत माझी परीक्षा सुरू झालेली असेल," मी म्हटलं. "वरून एवढं गोड वागायचं आणि मनात डूख ठेवायचा. तुम्ही लोक असेच."

तुम्ही लोक. तीन वर्षं तिनं माझ्या आणि तिच्यामध्ये हे दोन शब्द येऊ दिले नव्हते. मी ते एका दमात आणून ठेवले.  तिनं सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला आणि म्हणाली, "जा, अभ्यास कर."

दोन दिवसांनी मी घाटकोपरला स्नेहल नावाच्या मैत्रिणीच्या खोलीवर राहायला गेले. ट्रंक रिक्षात चढवताना मावशी हात लावायला आली. मी म्हटलं, "राहू दे."

पहिला पेपर सोमवारी होता, केंद्र विलेपार्ल्यात. सकाळचं ऊन आत्ताच चटके द्यायला लागलं होतं. स्नेहल आणि मी वळणावरून आलो आणि मला ती दिसली. मुख्य फाटकासमोर, बदामाच्या झाडाखाली, तिचा बाहेर जायचा फिकट निळा फ्रॉक घालून. हातात स्टीलचा छोटा डबा होता. मरोळहून बसनं आली असणार, दोन बस बदलून. माझं वेळापत्रक तिनं स्वयंपाकघरात कॅलेंडरशेजारी चिकटवलं होतं, तिला केंद्र ठाऊक होतं. ती प्रत्येक मुलीचा चेहरा बघत होती.

"कुणाला बघतेयस गं?" स्नेहलनं विचारलं.

"कुणाला नाही. चल, मागच्या फाटकानं जाऊ. इथे गर्दी आहे."

गर्दी नव्हती. मी मागच्या फाटकानं गेले. त्या दिवशी कोऱ्या कपाळानं मी पेपर लिहिला, आणि तो मला चांगला गेला. सगळेच चांगले गेले. राहिलेलाही सुटला. जूनमध्ये वडिलांनी शाळेत पेढे वाटले. मी गावाला जाऊन आले, एमएस्सी केलं, नोकरी लागली, मुलुंडला लग्न होऊन आले. मरोळला परत गेले नाही. मुलुंडहून पवईमार्गे बस जाते. फार तर एक तास.

*

ग्लॅडिसनं कप सरकवला त्या दिवसानंतर मी दोन आठवडे रोज ठरवत होते आणि रोज काहीतरी काम काढत होते. शेवटी एका रविवारी दुपारी गेले. गावठाणाच्या डोक्यावर आता चारी बाजूंनी मजले उभे राहिलेत, ओट्यावर ऊन फक्त अर्धा तास येतं म्हणे. मावशी तिथेच बसली होती. वाळून लहान झाली होती, डोळ्यांना जाड भिंगं.

मी पायरीखाली उभी राहिले. ओळखायला तिला क्षणभरही लागलं नाही.

"शुभा? किती जाडी झालीस गो!"

मला हसू आलं आणि त्याच वेळी रडू. मी तिच्या शेजारी बसले. काय काय पाठ करून गेले होते, ते सगळं विसरले. एकदम विचारलं, "मावशी, त्या वर्षी तुम्ही माझ्या परीक्षेसाठी चहा सोडला होता ना?"

ती रस्त्याकडे बघत राहिली. "सोडला व्हता. आता काय त्याचा."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगायचा नसता."

"मी एवढं बोलले तरी?"

"बोललीस खरी," ती म्हणाली. थोड्या वेळानं, जणू बाजारभाव सांगतेय अशा आवाजात म्हणाली, "पार्ल्याला मी तुला बघितला व्हता. तू मला बघून पाठी वळलीस ती."

बारा वर्षं मी एकाच गोष्टीवर विसंबून होते. तिला मी दिसले नव्हते, असं मी स्वतःला सांगितलं होतं.

"मावशी, मी..."

"पेपर व्हता तुझा. तवा काय बोलनार?" तिनं माझ्या गुडघ्यावर थोपटलं. "दही मी एका पोरीला दिला. फाटकापाशी रडत व्हती बिचारी, वही विसरलेली का काय. तिनं सगळा खाल्ला."

मी तिची माफी मागितली. तिनं ऐकून घेतली, पण माफी मागणाऱ्याला जी जड, गंभीर शांतता हवी असते ती मला दिली नाही. मधेच तिनं मांजराला हाकललं. माझ्या मुलाचं नाव विचारलं, आई कशी आहे विचारलं. आई गेल्याला तीन वर्षं झाली म्हटल्यावर तिनं क्रूसाची खूण केली. "लाजाळू व्हती," म्हणाली. त्या एका शब्दात तिनं माझ्या आईला जितकं समजून घेतलं, तितकं मी तिची मुलगी असून समजून घेतलं नव्हतं.

तेवढ्यात मागच्या खोलीतून एक मुलगी बाहेर आली. पूनम, परभणीकडची, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. सध्या तीच तिथे राहते. तिच्या हातात ताटली, ताटलीत तीन कप.

"तुमच्यात साखर नाही घातली हं मावशी," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "माझ्या परीक्षेसाठी साखर सोडलीय यांनी. सोडतात साखर आणि चिडचिड काढतात माझ्यावर. काल मला म्हशी म्हणाल्या!"

"म्हशीच हायस. नळ बंद करत नाय."

"बघा!"

मावशीनं बिनसाखरेचा चहा बशीत ओतला, तोंड वाकडं केलं. दोघी हसल्या. मीही हसले, पण त्या हसण्यात मी पाहुणी होते. मावशीची नखं वाढलेली दिसली, गुडघे वाकत नाहीत तर कापणार कशी, म्हणून मी म्हटलं, "नेलकटर कुठे आहे? मी कापते." ती सहज म्हणाली, "र्‍हाऊ दे गो. ही कापते आंघोळीनंतर. तिला सवय हाय माझ्या पायाची."

मी हात परत घेतला.

निघताना पूनम मला रिक्षापर्यंत सोडायला आली. गावठाणाच्या अरुंद गल्लीत आम्ही एकामागे एक चालत होतो.

"तुम्ही शुभांगी ना?" ती पुढून म्हणाली. "मावशी तुमच्याबद्दल सांगतात. जी मुलगी राहायला येते तिला पहिल्याच दिवशी सांगतात."

"काय सांगतात?"

"की माझ्याकडे एक फार हुशार पोरगी होती. तिच्यासाठी मी उपास केला आणि नियम म्हणून तिला सांगितलं नाही. तिला वाटलं मी तिला तोडलं. बिचारी रडत घर सोडून गेली. मग मावशींनी चर्चमधल्या फादरना जाऊन सांगितलं, तर ते म्हणाले, देवाला तुझ्या उपासाची घाई नव्हती, त्या पोरीला तुझ्या एका शब्दाची होती. तेव्हापासून त्या आधीच सांगून टाकतात. चूक माझीच होती, म्हणतात. त्या पोरीचा काय दोष."

"आणि पुढे? परीक्षेच्या दिवशीचं?"

"ते काय? तुम्ही पास झालात, एवढंच सांगतात."

मी गल्लीतच थांबले. बारा वर्षं हे घर मुलींना एक गोष्ट सांगत होतं आणि त्या गोष्टीत माझ्या वाटणीचं जे काही होतं ते मावशीनं स्वतःच्या नावावर घेतलं होतं. मग मी पूनमला सगळं सांगितलं. आईसमोर गप्प बसले ते, तुम्ही लोक म्हटलं ते, निळा फ्रॉक दिसला तरी मागच्या फाटकानं गेले ते. तिथेच, दोन भिंतींच्या मधे उभी राहून, माझ्याहून अकरा वर्षांनी लहान असलेल्या एका अनोळखी मुलीला. म्हटलं, "यापुढे त्या सांगतील तेव्हा तू हे मधे सांग. चूक त्यांची नव्हती."

पूनमनं ऐकून घेतलं. तिनं मला धीर दिला नाही. रस्त्यावर आल्यावर तिनं हात करून रिक्षा थांबवली, आणि मी आत बसल्यावर वाकून, रागानं नाही, खरोखरच कळत नव्हतं म्हणून विचारलं,

"पण उपासाचं तुम्हाला माहीत नव्हतं, ते ठीक आहे. त्या डबा घेऊन आल्या होत्या ते तर दिसलं होतं ना? मग इतकी वर्षं का नाही आलात?"

रिक्षावाल्यानं मीटर टाकलं आणि विचारलं, कुठे जायचं. मी मुलुंड म्हटलं.